वाटेचा वापसा

खान्देशात शेतरस्त्याची चर्चा पावसाळ्यात होते आणि त्यावरचा खर्च उन्हाळ्यात. मधल्या काळात रस्ता कोणाच्या खिजगणतीत नसतो. जुलैत गाडी फसली की पारावर आमदारापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. दिवाळीपर्यंत चिखल वाळतो आणि त्याबरोबर रागही. मग एप्रिल-मेमध्ये कपाशीचे, केळीचे चार पैसे हाताशी असले तर थोड्या ट्रॉल्या मुरूम पडतो, ट्रॅक्टर त्यावरून मागेपुढे होतो आणि रस्ता झाला असं सगळे मानतात. पुढच्या श्रावणात तो मुरूम कुठे गेला हे कोणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. काळीनं गिळला.

गंमत अशी की हा प्रदेश वाहतुकीच्या अगदी चव्हाट्यावर आहे. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. भुसावळहून एक रूळ दिल्लीकडे जातो, एक नागपूरकडे. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून केळीचे वॅगन भरून थेट दिल्लीला गेलेले आमच्या आधीच्या पिढीनं पाहिले आहेत. मात्र महामार्ग सोडून मळ्याकडे वळलं की मृगाच्या पहिल्या दणक्यानंतर मोटारसायकल लिंबाखाली लावायची आणि चपला हातात घ्यायच्या. देशभर माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याचं खरं अंतर असतं ते बांधापासून डांबरीपर्यंतचं.

केळीवाल्याला तर हे अंतर फारच महाग पडतं. कापूस घरात साठवून ठेवता येतो, ज्वारी थांबते. कापणीला आलेला घड थांबत नाही. व्यापाऱ्याची गाडी मळ्यापर्यंत आली तर एक भाव, डांबरीवर उभी राहिली तर दुसरा. मधलं अंतर घड ट्रॉलीत घालून न्यायचे, म्हणजे चाकोरीच्या प्रत्येक गचक्याला ते एकमेकांवर घासणार. हिरव्या सालीवर तो मार दिसत नाही. तो दिसतो दूरच्या बाजारात, केळी पिवळी झाल्यावर, काळ्या डागांच्या रूपानं. तोवर हिशोब पुरा झालेला असतो आणि पुढच्या वेळी भाव कमी का लागला याचं कारण कोणी वाटेपर्यंत नेऊन जोडत नाही.

आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यात प्रश्न आला तो अगदी व्यवहाराच्या अंगानं. यावल तालुक्यात तापीच्या उत्तरेला आमचा मळा आहे. अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू, तो पाहतात. ते म्हणाले, “दरवर्षी जेसीबीवाल्याच्या हातापाया पडण्यापेक्षा वाटेसाठी ट्रॅक्टरला घरचंच काहीतरी अवजार असू द्या. तू जळगावात असतोस, जरा चौकशी कर.” चौकशी अवजाराची होती. पण अवजार निवडायचं तर आधी वाट म्हणजे काय हे ठरवावं लागतं, हे मला त्या चौकशीत कळत गेलं.

पहिली गोष्ट मातीची. यावल, रावेर, चोपडा हा तापीकाठचा पट्टा नदीनं आणून टाकलेल्या गाळाचा आहे. हा गाळ इतका खोल की बोअर कितीही खाली नेली तरी पुष्कळ ठिकाणी खडक लागत नाही. केळीला हे वरदान, वाटेला नाही. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज पाणी प्यालं की फुगतं, सुकलं की आकसतं. म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती बुटाला, चाकाला, वखराच्या पासेला सोडत नाही. अशा जमिनीवर नुसता मुरूम पसरला तर ओली माती खालून वर येते, खडा खाली जातो आणि चाक दोघांना कालवतं. बरं, मुरूम तरी दाराशी कुठे आहे? तो आणायचा सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या गोट्यांच्या भरड पट्ट्यातून, ज्याला भूजलाचे अभ्यासक बझाडा म्हणतात, नाहीतर तापी ओलांडून दक्षिणेच्या माळांवरून.

धुळे जिल्ह्यात नेमकं उलट. साक्री तालुक्यात माझं आजोळ आहे. तिकडे मुरमाला तोटा नाही. जमिनीतल्या भेगांमध्ये कधीकाळी लाव्हारस घुसून थिजला, भोवतालचा खडक झिजून गेला आणि तो टणक काळा दगड लांबच लांब भिंतीच्या रूपानं उभा राहिला. भूशास्त्रात त्याला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे अशा रांगा मैलोन्‌मैल दिसतात. थोडं खणलं की मुरूम हाती येतो. तरीही मामांच्या वाटेवर दरवर्षी घळी पडतात, कारण तिथं उतार आहे. पाऊस एकंदरीत कमी, पण पडतो तेव्हा झोडपून पडतो. आमचा मुरूम खाली जातो, मामांचा वाहून जातो.

या दोन तऱ्हांचं कारण मात्र एकच, पाणी. मी मामांकडे अवजाराचा विषय काढला तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. वाटेकडे पाहत अहिराणीत म्हणाले, “मुरूम मांगून टाक, पयले पानी काढ.” सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ब्रिस्टलच्या रस्त्यांचा कारभार हाती घेणाऱ्या जॉन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थानं याच विचारावर नाव कमावलं. ओझं पेलते ती मूळ जमीन, दगड नव्हे. जमीन कोरडी राहिली तर ती कितीही वजन सोसते. म्हणून वरच्या खडीचं काम जमिनीला छप्पर देण्याचं, असं त्याचं म्हणणं. डांबराचा त्यात संबंध नव्हता. रस्ता आजूबाजूच्या पातळीपेक्षा थोडा उंच, मधोमध फुगीर आणि दोन्ही अंगांना चारी, एवढीच त्याची मांडणी. मामांनी मॅकॅडम वाचलेला नाही. त्यांनी पांझरेकाठचे पाट पाहिलेले आहेत, तेवढं पुरतं.

इथं शेतकऱ्याच्या मनात एक अडचण उभी राहते. ती अवजाराच्या दुकानात कोणी सांगत नाही. आमच्या सगळ्या शहाणपणाचा रोख पाणी अडवण्याकडे आहे. तो असायलाच हवा. जळगावात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि धुळ्यात त्याहून कमी. पांझरेवरची फड पद्धत कित्येक शतकांची. नदीवर लहान लहान बंधारे, त्यांतून निघालेले पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, असं ते पाणी थेंबाथेंबानं वाटून घ्यायचं शास्त्र. अलीकडचा शिरपूर पॅटर्न तसाच. २००४ च्या सुमारास भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून पाणी जिरवायला सुरुवात केली आणि राज्यभर त्याचं नाव झालं. शेतात बांध घालायचा, सऱ्या पाडायच्या, जमीन सपाट करायची, म्हणजे पडलेला थेंब पडल्या जागी मुरेल. वाटेचा धर्म याच्या बरोबर उलटा. तिच्यावर पडलेला थेंब तिच्यावर थांबता कामा नये. शेत सपाट हवं, रस्ता सपाट नको. ज्या हाताला आयुष्यभर पाणी धरायची सवय, त्या हातानं रस्ता केला की तो नकळत रस्त्यातही पाणी धरतो. खान्देशातले बहुतेक शेतरस्ते मुरमाच्या टंचाईनं नाही, या सवयीनं मोडतात असं माझं मत झालं आहे.

आता हे मनात ठेवून शेडमध्ये उभी असलेली अवजारं पाहावीत. रोटाव्हेटर तर सगळ्यांच्या दारी. वाट उखडली की काहीजण तोच घालतात. काम झटपट दिसतं, वरचा थर भुसभुशीत आणि एकसारखा होतो. पण रोटाव्हेटर बियाणं रुजावं म्हणून माती मोकळी करण्यासाठी आहे. वाटेवर तो मुरमाचा चुरा करतो, खालची काळी वर आणून त्यात मिसळतो आणि पहिल्या पावसात त्या मिश्रणाचा लगदा होतो. शिवाय मोठा दगड लागला की पाती जातात ती वेगळीच. त्याला वाटेपासून लांब ठेवावं.

लेव्हलर ही दुसरी ओढ. बैलांच्या काळी आमच्याकडे केणी होती. शेतातली उंचवट्याची माती खरवडून ती खोलगटात नेऊन सोडायची. ट्रॅक्टरच्या मागचा लेव्हलर हा त्याच केणीचा लोखंडी वारस, आणि लेझर लेव्हलर हा तिचा इंजिनिअर झालेला नातू. तिघांचं ध्येय एकच, सपाटी. शेतासाठी त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. वाटेवर मात्र ते मधला फुगार काढून टाकतात. दरवर्षी थोडं खरवडत गेलं की वाट दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा खाली जाते आणि एका पावसाळ्यात तिचा ओढा होतो. जुन्या गाडवाटा कमरेइतक्या खोल गेलेल्या दिसतात त्या चाकांनी आणि पाण्यानं मिळून कोरलेल्या. आपण त्यात यंत्राची भर का घालावी?

पुढे लावायचा डोझरही कोणी सुचवतो. ढीग ढकलायला तो उत्तम. पण ट्रॅक्टरचं पुढचं चाक खड्ड्यात उतरलं की पातं खाली बुडतं, उंचवट्यावर चढलं की उचललं जातं, म्हणजे रस्त्यावरचे खड्डे आणि उंचवटे जिथल्या तिथे आणखी ठळक होतात. ट्रॉलीतला मुरूम पसरायला तो चालेल, घाट द्यायला नाही.

राहिलं मागचं ब्लेड. दिसायला अगदी साधं, एक जाड वाकवलेलं पातं आणि त्याला धरणारा दांडा. पण घ्यायचं तर त्यात तीन गोष्टी आहेत का ते पाहायचं. एक, पातं आडव्या दिशेनं तिरकं करता येतं का, म्हणजे माती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाईल. दोन, त्याचं एक टोक वर आणि दुसरं खाली ठेवता येतं का, म्हणजे उतार पाडता येईल. तीन, ते पूर्ण उलटं फिरतं का, म्हणजे शेवटी पाठीकडून नुसता हात फिरवल्यागत साफसूफ करता येईल. दुसरी गोष्ट ब्लेडमध्ये नसेल तरी ट्रॅक्टरमध्ये थोडीफार सापडते. उजव्या बाजूच्या लिफ्ट रॉडचा आटा फिरवला की एक बाजू वरखाली होते. बहुतेक ड्रायव्हर तो आटा ट्रॅक्टर शोरूममधून आल्यापासून हलवत नाहीत.

रुंदीचा हिशोब कागदावर करण्यासारखा आहे. पातं तीस अंशांत तिरकं केलं की त्याची कामाची रुंदी कमी होते. सहा फुटी पातं साधारण सव्वापाच फुटांवर येतं, सात फुटी सहा फुटांवर. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी साडेपाच-सहा फूट असते. म्हणजे सहा फुटी पातं तिरकं केलं की ट्रॅक्टर स्वतःच्याच चाकोरीवर परत चालणार आणि केलेलं काम दाबत जाणार. सात फुटी घेतलं तर चाकाचा माग झाकला जातो. दुकानदार सहा फुटी स्वस्त म्हणून पुढे करील. तिथं हात आखडायचा नाही.

आणखी एक बारकावा हायड्रोलिकचा. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं १९२० च्या दशकात तीन-बिंदू जोडणीचं आणि हायड्रोलिकचं जे तंत्र पेटंट केलं, त्यावरच आज आपले सगळे ट्रॅक्टर चालतात. नांगराला ओढ जास्त लागली की हायड्रोलिक तो आपोआप जरा उचलतो, ही त्यातली युक्ती; त्याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात. नांगरटीत हे वरदान. पण ब्लेड लावून वाट करताना ड्राफ्टचा लिव्हर चालू राहिला तर घट्ट जागी ब्लेड उचललं जाईल आणि मऊ जागी बुडेल, म्हणजे लाटा पडतील. वाटेला ब्लेड ठरवलेल्या उंचीवर धरणारा पोझिशनचा लिव्हर हवा. जे अवजार बिघडलं म्हणून लोक परत करतात, त्यातलं थोडं या एका लिव्हरमुळे असावं.

बॉक्स ब्लेड म्हणजे पेटीसारखं दोन्ही बाजू बंद असलेलं पातं. त्यात मुरूम साठून राहतो आणि खोलगट जागी सुटतो, दात असतील तर घट्ट थर उकरलाही जातो. चांगलंच आहे. पण नवख्याच्या हातात ते वाटेत ढेंगभर अंतरानं खड्डे पाडतं, कारण ट्रॅक्टर हलला की तेही हलतं. यावर उपाय म्हणजे लांब घसरपट्ट्यांच्या मध्ये दोन पाती बसवलेली चौकट; ती लांब असल्यानं एकेका खड्ड्याला भुलत नाही, वाटेची सरासरी काढत जाते. बाजारात ती सहजी मिळत नसली तरी ट्रॉल्या आणि लेव्हलर बनवणारे वेल्डिंगवाले जळगाव-धुळ्याला पुष्कळ आहेत. त्यांना मापाचा कागद दिला तर जुन्या चॅनेलमधून ती उभी राहू शकते. वाट लांब असेल, चारचौघांची असेल, तर हीच घ्यावी. एका घरच्या वाटेला साधं ब्लेड पुरतं.

आम्ही सात फुटी, तिन्ही अंगांनी फिरणारं मागचं ब्लेड घेतलं. पण काम त्याच्या एकट्याचं नव्हे. वाटेतला खड्डा नुसता भरला तर तो पुन्हा उघडतो, कारण भरलेला मुरूम खालच्या घट्ट थराला जोडला जात नाही. चाक आलं की उडून जातो. खड्ड्याच्या बुडापर्यंत सगळा थर उकरून मग तो पुन्हा बसवावा लागतो. त्यासाठी घरचा कल्टिव्हेटर आहेच. इथे केळीच्या पट्ट्यातल्या माणसाला एक इशारा द्यावासा वाटतो. ठिबकच्या मुख्य नळ्या, विहिरीवरून येणारी पाइपलाइन, हे सगळं वाटेच्या खालून आडवं गेलेलं असतं आणि पुष्कळदा हातभरसुद्धा खोल नसतं. कल्टिव्हेटरचा दात घालण्याआधी दोन्ही काठांना खुंट्या मारून जागा दाखवून ठेवाव्यात. नाहीतर पाणी काढायला निघालेला माणूस वाटेतच पाणी सोडून बसतो.

उकरल्यावर ब्लेड तिरकं करून काठाचा माल मध्याकडे ओढायचा, एका बाजूनं जाताना आणि दुसऱ्या बाजूनं येताना. मध्याकडून काठाकडे कधीच नाही, कारण काठावर मातीची लहानशी वरंबी उभी राहिली की ती पाणी आतच कोंडते. तीन मीटर रुंद वाटेचा मधला भाग काठापेक्षा सहा-सात सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे चार बोटं. कच्च्या रस्त्याला डांबरीपेक्षा दुप्पट उतार लागतो, कारण त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि पाणी त्यावर रेंगाळतं. शेवटी भरलेली ट्रॉली दरवेळी चाक थोडं सरकवून वाटेभर फिरवायची. रोलर नसला तरी बरंचसं दाबकाम होतं.

मुरूम मग किती लागेल? तीन मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर जाड थर धरला तर दर शंभर मीटरला पंचेचाळीस घनमीटर, म्हणजे सुमारे सोळा ब्रास. दाबल्यावर माल बसतो, म्हणून वीसेक ब्रास धरून चालावं. एवढा खर्च एकदा करून तो काळीच्या पोटात घालायचा नसेल तर आधी चारी, आधी उंची, मग मुरूम हा क्रम सोडता येत नाही. जमलं तर काळी आणि मुरूम यांच्या मध्ये जिओटेक्स्टाईलचं कापड घालावं. ते पाणी जाऊ देतं, माती आणि खडा मात्र एकमेकांत मिसळू देत नाही.

यानंतरचा प्रश्न वेळेचा, आणि तोच सगळ्यांत मोठा. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या मेटलंड गावी डी. वॉर्ड किंग नावाचा एक शेतकरी होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं घरासमोरचा मातीचा रस्ता लाकडी ओंडक्यांच्या एका साध्या ओढणीनं राखायला सुरुवात केली. चिरलेल्या ओंडक्याचे दोन भाग एकामागे एक जोडायचे, घोडे लावायचे आणि ती चौकट तिरकी ओढत न्यायची. अवजारात काही विशेष नव्हतं. विशेष होतं ते हे की तो पाऊस थांबल्यावर, माती ओली पण चिकटत नाही अशा वेळी बाहेर पडायचा, आणि दर पावसानंतर बाहेर पडायचा. त्याचा रस्ता इतका सुधारला की अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९०८ मध्ये त्याच्याकडून त्यावर पुस्तिका लिहवून घेतली आणि ती पद्धत देशभर गेली.

किंगनं जी वेळ साधली तिला आपल्याकडे वापसा म्हणतात. पेरणीसाठी, कोळपणीसाठी आपण वापशाची वाट पाहतो. ढेकूळ हातात घेऊन दाबून बघतो. पण वाटेलाही वापसा असतो हे कोणाच्या डोक्यात येत नाही. मे महिन्यात कोरड्या ठणठणीत मुरमावर ब्लेड फिरवलं तर धूळ उडते, खडे सुटे होतात, काहीही बांधलं जात नाही. भर पावसात फिरवलं तर चिखल ढवळला जातो. जूनमध्ये पाऊस झाल्यावर एक-दोन दिवसांनी, ऊन पडलं की जी वेळ येते ती वाटेची. त्या वेळी मातीला मुरूम धरून ठेवायची बुद्धी असते. अडचण अशी की नेमकी तीच वेळ पेरणीची, सरीची, खताची. ट्रॅक्टर शेतात हवा आणि ड्रायव्हर दुसऱ्याच्या शेतात. अण्णांनी यावर तोडगा काढला तो असा की मळ्यावर जाताना ब्लेड जोडूनच जायचं आणि येता-जाता एक-एक हात मारायचा. वाटेसाठी वेगळा दिवस काढायचा नाही. वेगळा दिवस ठरवला की तो कधीच उगवत नाही.

गेला पावसाळा आमच्या वाटेनं बराचसा निभावून नेला. एका ठिकाणी मात्र गाडी अडकलीच. वरच्या शेतातलं पाणी तिथे वाटेवर उतरतं आणि चारी काढायला जागा नाही, कारण दरवर्षी नांगरताना बांधाकडून एकेक तास वाटेत सरकत गेलं आहे. गावनकाशावर वाट ज्या रुंदीची आहे त्याच्या निम्मीसुद्धा तिथे उरलेली नाही. यावर ब्लेड काही करू शकत नाही. कायदा करू शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३ शेजारच्या बांधावरून रस्ता मिळवण्याचा अधिकार तहसीलदाराकडे मागायची वाट दाखवतं; मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ अडवलेला रस्ता मोकळा करून घेण्याची. २०२१ मध्ये सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, रोजगार हमीशी जोडून शेतरस्ते बांधण्याची. अर्ज करावेत, योजना घ्याव्यात. पण कायदा वाट मिळवून देतो आणि योजना ती बांधून देते. ती राखायची कोणी, यावर दोन्हीकडे मौन आहे. वाट बांधण्याचं उद्घाटन होतं, राखण्याचं होत नाही.

इथं पुन्हा पांझरेचा फड आठवतो. पाट आणि बंधारा कोणा एकाचा नसायचा, पण पाटकरी असायचा, पाळी पाहणारे असायचे आणि पाट काढण्याचं, गाळ उपसण्याचं काम ज्याच्या-त्याच्या जमिनीच्या मानानं वाटलेलं असायचं. म्हणून तो शेकडो वर्षं टिकला. ज्या खान्देशानं सामायिक पाण्याची राखण इतकी नेटकी केली, त्यानं सामायिक वाटेची का करू नये? सहा-सात खातेदारांची वाट असेल तर प्रत्येकानं ब्लेड घ्यायची गरज नाही. एकानं घ्यावं, बाकीच्यांनी डिझेल द्यावं, दोघांनी चारी काढावी आणि पावसानंतर ते फिरवण्याची पाळी ठरवून घ्यावी. लांब चौकटीचं अवजार वेल्ड करून घ्यायचं तर ते वर्गणीतूनच परवडतं.

कोणतं अवजार घ्यावं असं आता कोणी विचारलं तर मी सांगतो, मागचं ब्लेड, सात फुटी, तिन्ही बाजूंनी फिरणारं. सामायिक लांब वाट असेल तर चौकट. रोटाव्हेटर आणि लेव्हलर शेतातच ठेवा. पण दुकानात जाण्याआधी एखाद्या पावसात छत्री घेऊन स्वतःच्या वाटेवर उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कोणाच्या शेतात जातं ते पाहा. मग शेजाऱ्याला चहाला बोलवा. अवजार त्यानंतर.